केईएफ क्यू१५० की एलॅक बी६.२ स्पीकर? छोटी खोली, ऐकणं मुख्यतः तबला आणि ख्याल

घिस्सा (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडला राहते, तबल्याचे वर्ग घेते. वर्गाची खोली १२ फूट बाय १० फूट, छत साडेनऊ फुटांवर. खाली टाइल्स, त्यावर सतरंजी. एका लांब भिंतीला सरकती खिडकी, तिच्या समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि तबल्यांची मांडणी. मुलं घरी गेली की हीच माझी ऐकायची खोली. आजवर जुन्या म्युझिक सिस्टिमवर भागवलं, तिची एक बाजू आता कायमची गेली. म्हटलं, एकदाच काय ते नीट घेऊ.

अँप्लिफायर घेऊन झालाय, मरँट्झ पीएम६००७. स्पीकरवर गाडी अडलीये. केईएफ क्यू१५० दुकानदाराने अनामत घेऊन घरी ऐकायला दिलेत. एलॅक डेब्यू बी६.२ ही जोडी एका विद्यार्थ्याच्या वडिलांची. ते गावाला गेलेत आणि जाताना स्टँडसकट इथे ठेवून गेलेत. म्हणजे सध्या दोन्ही जोड्या माझ्या ताब्यात आहेत, ही चैन पुन्हा मिळायची नाही.

ऑडिओची परिभाषा मला येत नाही. "वॉर्म", "ब्राइट", "साउंडस्टेज" वाचून डोकं भणभणतं. मी हातात असलेल्या विद्येने ऐकते. चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा) ‘ना’ केईएफवर सुटा येतो, बोट नेमकं कुठे पडलं ते कळतं. एलॅकवर तोच ‘ना’ किंचित जाड. ‘कत्’सारखा बंद बोल वाजला की आवाज तिथल्या तिथे मेला पाहिजे. एलॅकवर त्याच्या मागे एक बारीक हुंकार राहतो. केईएफवरही राहतो, पण कमी. उलट तंबोऱ्याचा खर्ज एलॅकवर भरीव, ऐकताना बरं वाटतं.

इथवर ठीक. खरी अडचण घिश्शाची. डग्ग्यावर मनगट दाबून पुढे नेलं की स्वर खालून वर सरकतो. तयार हाताचा घिस्सा सगळीकडे सारख्या वजनाने सरकतो, तीच तर त्यातली मेहनत. माझ्या खोलीत तो मध्येच एका जागी फुगतो, अगदी सतरंजीतून जाणवावा इतका, आणि तिथून पुढे सरकला की अंग चोरतो. ध्वनिमुद्रणाचा दोष म्हणावा, तर तेच सोलो हेडफोनवर स्वच्छ आहे. आणि दोन्ही स्पीकरवर फुगतो, जवळपास एकाच स्वरावर.

मांडणी अशी: स्पीकर एका १० फुटी भिंतीपाशी, २४ इंची स्टँडवर, मागे वीतभर जागा. मी समोरच्या भिंतीला टेकून गादीवर बसते. खुर्ची क्वचित, पाहुणे आले तर.

तर प्रश्न दोन. हा फुगवटा कुठून येतो, आणि यांतली कुठली जोडी ठेवू? "तुमच्या कानाला आवडेल ती घ्या" असं कृपया सांगू नका. कानाला काय आवडतंय ते वर लिहिलंय.

कर्णा (पुणे)

ताई, डोळे मिटून एलॅक घ्या. साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा मोठा शंकू) कुठे आणि सव्वापाच इंची कुठे! ख्याल ऐकणाऱ्याला खर्ज हवाच. शिवाय एलॅकचं पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा ये-जा करायचं भोक, पुढच्या बाजूला आहे, भिंतीला चिकटवली तरी चालते. केईएफचं पोर्ट मागे, तिला दोन-अडीच फूट मोकळी जागा लागते. ती १२ बाय १० मध्ये कुठून आणणार? तुमचा फुगवटा तिथूनच आलाय बघा.

मी एलॅकच कपाटाच्या फळीवर ठेवून ऐकतो. तक्रार नाही. बुकशेल्फ म्हणतात ते उगाच नाही.

आणि हो, केबलमध्ये कंजूषी करू नका.

सोल्डर (ठाणे)

कर्णाशेठ, केबलचं राहू द्या. चांगल्या जाडीची साधी तांब्याची वायर, टोकं घट्ट पिळून बसवलेली, एवढं पुरतं. उरलेल्या पैशांत ताई एक डग्गा मढवून आणतील.

पोर्टचं मात्र नीट बोलू या, कारण हा गैरसमज दुकानात रोज विकला जातो. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. एवढ्या लांब लहरीला वीतभर रुंदीची पेटी आडवी येतच नाही. ती पेटीला वळसा घालून मागे जाते, भिंतीवरून परतते आणि पुढच्या आवाजात मिसळते. पोर्ट पुढे असो, मागे असो, की पेटी पूर्ण बंद असो, भिंतीजवळ ठेवली की खालचे स्वर वाढणारच. मागच्या पोर्टला श्वास घ्यायला चार-सहा इंच मिळाले तरी त्याचं काम चालतं. आणि पुरावा ताईंनीच दिलाय: पुढच्या पोर्टवरही घिस्सा त्याच स्वरावर फुगतोय.

ताई, स्पीकर बदलून जे बदलत नाही ते खोलीचं असतं. हिशेब करू. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. तुमची १२ फूट लांबी म्हणजे ३.६६ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत जी लहर अडकून बसते तिची पहिली वारंवारता काढायची तर वेगाला लांबीच्या दुपटीने भागायचं. येतात ४७ हर्ट्झ. तिच्यावरची दुसरी ९४. रुंदीने ५६ आणि ११२ येतात, उंचीने ५९. (५६ आणि ५९ एकमेकांना खेटून बसलेत, तिथेही गडबड असणार, पण डग्गा सहसा एवढा खाली जात नाही.)

माझा संशय ९४ वर. तुमच्याकडे तंबोरा लावायचं ट्यूनर अ‍ॅप असेलच. घिस्सा फुगतो तिथे ते काय दाखवतंय बघा. पेटीवरच्या मधल्या काळी तीनच्या दोन सप्तकं खाली, केसभर चढ, असं दिसलं तर चोर सापडला.

आता तुमची बसायची जागा. भिंतीशी या सगळ्या लहरींचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि तुम्ही नेमक्या भिंतीला टेकून बसता. ९४ ची लहर लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर जवळजवळ नाहीशी होते, म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर. गादी तेवढी पुढे ओढा. बरोबर मधोमध मात्र बसू नका, तिथे ४७ नाहीशी होते आणि ९४ शिगेला असते. फुकटचा उपाय आहे, आधी हा करा.

पुढे घिस्सा अंग चोरतो म्हणालात. त्यात स्पीकरमागच्या भिंतीचा हात असू शकतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून जितकं लांब, त्याच्या चौपट लांबीची लहर परत येताना उलटी होऊन भेटते आणि मूळ आवाजाला खाते. वीतभर जागा आणि पेटीची खोली धरून अर्धा मीटर होतो. म्हणजे १७१ हर्ट्झच्या आसपास खड्डा. स्पीकर दोन-चार इंच मागेपुढे करून बघा, खड्डा सरकतो.

अजून एक. मांडणीवर तबले-डगे उघडे आहेत का? असतील तर तेही ऐकताहेत आणि गाताहेत. सगळ्यांवर गवसण्या घाला, जमलं तर चाचणीपुरते बाहेर काढा. मग ‘कत्’ पुन्हा ऐका.

दोघांची तुलना करताना आवाज समान ठेवा. तेवढ्याच ताकदीवर एलॅक ८७ डेसिबलने वाजते, केईएफ ८६ ने. नॉब एकाच जागी ठेवलात तर एलॅक जरा मोठी वाजते, आणि जे जरा मोठं ते कानाला नेहमी भरीव वाटतं. पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खळखळाट) लावा, मोबाईलचं डेसिबलचं अ‍ॅप गादीवर कानाच्या उंचीला धरा आणि दोन्ही एकाच आकड्यावर आणा. अ‍ॅपचा आकडा खरा नसेना का, फरक खरा दाखवतं.

खर्जाबद्दल. काळी एकचा गवई धरला तर तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला येतो. केईएफ कागदावर ५१ पर्यंत उतरते, एलॅक ४४ पर्यंत. दोघीही पोचतात. तसंही तंबोऱ्याचा जीव जवारीत, म्हणजे वरच्या स्वरांत असतो. मूळ स्वर थोडा कमी पडला तरी वरच्या स्वरांवरून कान तो स्वतः जुळवून घेतो. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा स्पीकर बनवला. पेटी बंद, ११ सेंटीमीटरचा वूफर, खालचा सूर बेताचाच. तरी मानवी आवाजासाठी लोक आजही त्याच्यामागे वेडे आहेत. त्यातले दोन्ही ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) केईएफचेच होते, हे जाता जाता.

शेवटचं, आणि तुमच्या बाबतीत माझ्या मते महत्त्वाचं. तुम्ही गादीवर बसता. परदेशातलं सगळं मोजमाप खुर्चीवरच्या कानासाठी असतं, जमिनीपासून मीटरभर उंचीचं. मांडी घातल्यावर कान ७५ सेंटीमीटरच्या आसपास येतो. २४ इंची स्टँडवर एलॅकचा ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा भाग) साधारण ९० सेंटीमीटरवर जातो, म्हणजे तुम्ही त्याच्या खालून ऐकताय. वूफर आणि ट्वीटर खाली-वर असलेल्या स्पीकरमध्ये असं खालून ऐकलं की दोघांच्या सांध्यावरचे स्वर बिघडतात. ‘ना’ जाड वाटण्याचं हे एक कारण असू शकतं. केईएफमध्ये ट्वीटर वूफरच्या पोटातच आहे, आवाज एका बिंदूतून निघतो. २४ इंचीवर तो बिंदू बरोबर तुमच्या कानापाशी येतो. एलॅकला न्याय द्यायचा तर तिला १८ इंचांवर ठेवा किंवा पेटीचं तोंड थोडं खाली झुकवा, आणि मगच निकाल लावा.

अँप्लिफायर पुरेल. ४५ वॅट या खोलीला भरपूर आहेत. एक वॅटवर गादीपाशी ८२ डेसिबलच्या आसपास मिळतील, त्याच्या वर १५ चढवायला ३२ वॅट लागतात. त्यापुढे शेजारी येतील.

मांडवीतीर (म्हापसा)

सोल्डरबाबांनी सगळं सांगितलं, मी फक्त पावसाळ्याचं सांगतो. जुनी जोडी स्वस्तात मिळतेय म्हणून कोणी गळ्यात मारायला आलं तर आधी वूफरची कड बघा. फोमची असेल तर आमच्या हवेत काही वर्षांत बोट लावलं की भुकटी होते. रबराची टिकते. नाशिकची हवा कोरडी, तरी फोमवाली वीस वर्षं जुनी जोडी घेतलीत तर कड बदलण्याचा खर्च धरूनच घ्या.

आणखी एक सुचवतो. बजेट थोडं ताणता आलं तर वापरलेली एलएस५० मिळते का बघा. पहिली २०१२ ची, केईएफला ५० वर्षं झाली तेव्हा काढलेली. तिचीच नवीन आवृत्ती, मेटा, २०२० ची. दोन्हींत ट्वीटर पोटातच. खाली मात्र मेटा कागदावर ७९ ला थांबते, आणि तिला अँप्लिफायर जरा दमदार लागतो. गळ्यासाठी तिला तोड नाही असं माझं मत. डग्ग्याला ती पुरेल का, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी नाट्यसंगीतवाला.

कर्णा (पुणे)

सोल्डर, हिशेब ठीक आहे, पण खोलीत बसून कोणी कॅल्क्युलेटर ऐकत नाही. माझ्या फळीवर फुगवटा वगैरे काही नाही.

सोल्डर (ठाणे)

तुमची खोली केवढी, कान भिंतीपासून किती, आणि तुम्ही ऐकता काय? गझल ऐकणाऱ्याला ९४ हर्ट्झची गाठ पडेलच असं नाही. ताई डग्गा ऐकतात, त्यांच्या मार्गातच ती बसली आहे.

घिस्सा (नाशिक)

सोल्डरदादा, सांगितलंत तसं एकेक करून पाहिलं. क्रमाने लिहिते, कोणाला उपयोग होईल.

आधी गवसण्या. माझ्या डोक्यातही आलं नसतं, आणि रोज मी याच वाद्यांमध्ये बसते. मांडणीवरचा एक पितळी डगा आहे, पुडी जरा सैल झालेली. ‘कत्’च्या मागचा हुंकार त्याचा होता. स्पीकर वाजता ठेवून त्याच्या शाईवर हलकेच बोट टेकवलं की बोटाला गुदगुल्या होत होत्या. गवसणी घातली, वर एक गोधडी टाकली, हुंकार गेला. दोन्ही स्पीकरवर गेला. म्हणजे त्या बाबतीत एलॅक निर्दोष. एलॅकवर तो जास्त का होता, तर बहुतेक ती मोठी वाजत होती म्हणून. कारण नंतर अ‍ॅप लावून आवाज समान केला तेव्हा तिचा नॉब बराच खाली आणावा लागला.

मग घिस्सा. स्वतःचा डग्गा घेऊन ट्यूनरपुढे बसले. उघडा ‘घे’ ८५ च्या आसपास दाखवतो. घिस्सा देत वर गेले आणि ध्वनिमुद्रणातल्या फुगणाऱ्या जागेशी जुळवलं. सुई ९३ ते ९५ मध्ये नाचते. काळी तीन, केसभर चढ. इतकं नेमकं निघेल असं वाटलं नव्हतं, मान गये.

गादी पुढे ओढली. ३ फूट मोजून. फुगवटा पार गेला असं म्हणणार नाही, पण आता घिस्सा सरकताना थबकत नाही, त्या जागेवरून निघून जातो. सतरंजीतून जाणवायचा तो थरथराट बंद. मागच्या मोकळ्या ३ फुटांत आता मुलांच्या चपला-दप्तरं येतात, ते वेगळं दुखणं. स्पीकर भिंतीपासून वीतभरावरून हातभर पुढे घेतले. घिश्शाचा वरचा भाग थोडा भरला. खर्ज जरा उतरला, पण तो आधी फुगलेलाच होता असं आता वाटतं.

आता दोघींचा निकाल. एलॅकला न्याय द्यायचा म्हणून स्टँडऐवजी दोन लाकडी चौरंग घेतले. ते १८ इंचांचे नव्हते, खाली चार वह्या घातल्या. ‘ना’ उघडला! अगदी केईएफइतका सुटा नाही, पण जाडपणा बराचसा गेला. मग मुद्दाम खुर्चीत बसले, तर परत बिघडला. गादीवर बसले, परत उघडला. केईएफवर तीच उठबस केली. खुर्चीत किंचित फरक पडतो, लक्ष दिलं तर कळतो, नाही दिलं तर नाही.

माझ्याकडे मुलं सतरंजीवर बसतात, पालक मागे खुर्च्यांवर. एखादं सोलो लावून मी म्हणते, "हा रेला ऐका, ‘तिरकिट’ कसा सुटा आलाय." ते मागच्या खुर्चीतल्या बाबांनाही ऐकू यायला हवं. तेवढ्यावर केईएफ ठेवली. खर्जाचा भरीवपणा एलॅकचाच सरस, आवाज समान केल्यावरही. कर्णादादा, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर होतं. एकटीने, एकाच जागी बसून, बडा ख्याल ऐकायचा असता तर मी एलॅक ठेवली असती, चौरंगासकट.

मांडवीतीर, एलएस५० चं मोह पाडणारं आहे, पण ७९ चा आकडा वाचला आणि माझा ८५ चा ‘घे’ आठवला. एवढ्या काठावर नको.

आता स्टँड करायला टाकते. एलॅकवाले काका परत आले की त्यांचे जातील.

सोल्डर (ठाणे)

उत्तम. पुढेमागे हौस आलीच तर मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यावर खोलीचा आलेख काढता येतो. पण डग्ग्याने ९४ काढलात, तुम्हाला त्याची घाई नाही. रुंदीची ११२ ची लहर मात्र तपासा. घिस्सा तिथवर जात असेल आणि तिथेही फुगत असेल, तर गादी रुंदीच्या मध्यावरून थोडी बाजूला सरकवून फरक बघा. मात्र स्पीकरही तेवढेच सरकवा, दोन्हींपासूनचं अंतर समान राहायला हवं, नाहीतर गवई एका बाजूला कलंडेल.

कर्णा (पुणे)

ताई, हरलो असं म्हणत नाही, पण काल फळीवरून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवून बघितली. बायको म्हणाली, "आज शब्द कळताहेत." आता स्टँड करायला हवेत. तुमचे कुठे करताय, मापं काय?

घिस्सा (नाशिक)

अंबड एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनवाले आहेत, आमच्या एका विद्यार्थ्याचे मामा. मापं देते, पण ती केईएफची, उंची तुमची तुम्ही काढा. गादीवर बसत असाल तर १८ इंच, सोफ्यावर बसत असाल तर २४.

खांब: ७५ मिलिमीटर चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, २ मिलिमीटर जाडीचा. वरची प्लेट १७० बाय २३०, ५ मिलिमीटर. एलॅकची पेटी मोठी आहे, तुम्हाला १८५ बाय २५० करावी लागेल. खालची प्लेट २५० बाय ३००, ८ मिलिमीटर, चार कोपऱ्यांत आटे पाडून घ्या म्हणजे बोल्ट फिरवून लेव्हल करता येते. आमच्या टाइल्स एका बाजूला उतरत्या आहेत, त्यामुळे मला ते लागणारच. वरच्या प्लेटला एक भोक ठेवायला सांगा, त्यातून वाळू भरायची आणि रबरी बूच लावायचं. वाळू धुऊन उन्हात चांगली वाळवून भरा, ओल राहिली तर पाइप आतून गंजतो. स्पीकरखाली चार कोपऱ्यांना ब्लू-टॅक (चिकट पुटी). नसेल तर जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे, मामा म्हणाले तेही चालतात.

रंग पावडर कोटिंग सांगा, साध्या रंगाचे पोपडे निघतात.